कीनीची किंमत

माणसाची किंमत किती, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी विचारावयाचा आणि इतरांनी ऐकून सोडून द्यावयाचा, अशी साधारण समजूत आहे. स्पेनमध्ये मात्र १९८० आणि १९८१ या दोन वर्षांत एकाच माणसाच्या बाबतीत हा प्रश्न दोनदा विचारला गेला, आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर रोख आकड्यांत मिळाले. १९८० साली बार्सिलोना क्लबने हिहोन शहरातील स्पोर्टिंग क्लबला आठ कोटी वीस लाख पेसेता मोजून एन्रिके कास्त्रो हा आघाडीचा फुटबॉलपटू विकत घेतला. सारा देश त्याला ‘कीनी’ म्हणून ओळखत असे. पुढल्याच वर्षी तीन अपहरणकर्त्यांनी त्याला पळवून नेले आणि त्याच क्लबकडे दहा कोटी पेसेता मागितले. कायदेशीर व्यवहारातील आकडा आणि गुन्ह्यातील आकडा इतके जवळजवळ असावेत, हा केवळ योगायोग मानून पुढे जाणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला जड जाते.

कीनीचा जन्म १९४९ चा, उत्तर स्पेनमधील आस्तुरियास प्रांतातल्या ओव्हिएदो शहरातला. हा कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाचा प्रदेश. सरकारने १९५० साली ‘एन्सिदेसा’ ही पोलाद कंपनी स्थापन केली आणि आव्हिलेस या जुन्या बंदराच्या गावी तिचा प्रचंड कारखाना उभा राहिला. कीनीचे वडील त्या कारखान्यात होते आणि कीनी स्वतः कारखान्याच्या संघातून खेळू लागला. (हाच कारखाना पुढे खाजगी मालकीचा झाला आणि २००६ पासून तो आर्सेलर-मित्तल या समूहाचा भाग आहे. तेव्हा आपल्या वाचकांना आव्हिलेस हे नाव वाटते तितके परके नाही.) १९६८ साली कीनी स्पोर्टिंगमध्ये दाखल झाला. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत सर्वाधिक गोल करणाऱ्यास मिळणारा ‘पिचीची’ पुरस्कार त्याने पाच वेळा मिळविला, दुसऱ्या श्रेणीत हाच मान दोनदा, आणि पहिल्या श्रेणीतील त्याच्या गोलांची बेरीज २१९ भरते. लोक त्याला ‘एल ब्रूहो’, म्हणजे मांत्रिक, म्हणत. २०१८ साली त्याचे निधन झाले, तेव्हा हिहोनच्या मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. कौतुकाची बाजू ही अशी, आणि ती निर्विवाद आहे.

परंतु याच कारकिर्दीत एक वर्ष असे आहे की ज्याकडे कौतुक करणारे फारसे थांबून पाहत नाहीत. १९७५-७६ च्या हंगामात कीनी देशातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि त्याच हंगामात त्याचा संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. बार्सिलोनाला तो हवा होता. कोणत्याही खुल्या बाजारात असा कसबी कामगार दुसऱ्या दिवशी नव्या मालकाकडे रुजू झाला असता. कीनी मात्र १९७६-७७ चे वर्ष दुसऱ्या श्रेणीत खेळला, कारण स्पोर्टिंगने त्याला सोडले नाही. आणि न सोडण्याचा पूर्ण अधिकार स्पोर्टिंगला होता. त्या काळच्या स्पॅनिश नियमांनुसार कराराची मुदत संपली तरी खेळाडू मोकळा होत नसे. क्लब आपल्या एकट्याच्या मर्जीने करार पुढे वाढवू शकत असे. याला ‘रोखून धरण्याचा हक्क’ असे नाव होते. नाव प्रामाणिक होते, एवढे तरी म्हटले पाहिजे. या व्यवस्थेत ग्राहक एकच, विक्रेता एकच, आणि भाव ठरविणाराही ग्राहकच. शिवाय दुसऱ्या क्लबने मोठी रक्कम देऊ केली तर ती खेळाडूच्या श्रमाची किंमत म्हणून त्याच्या हाती पडत नसे. ती त्याच्या मालकाच्या तिजोरीत जात असे. कीनी अखेर बार्सिलोनाला गेला, तेव्हा तो एकतिशीला टेकला होता. आघाडीच्या खेळाडूची सर्वांत भरात असलेली वर्षे तोवर सरत आलेली असतात.

ही व्यवस्था कोणा उदार क्लबमालकाने मोडली नाही. १९७८ साली स्पॅनिश फुटबॉलपटूंनी आपली संघटना स्थापन केली आणि मार्च १९७९ मध्ये पहिला संप केला. संपकऱ्यांत नामवंत थोडे आणि खालच्या श्रेणीत तुटपुंज्या पगारावर खेळणारे पुष्कळ होते, हे विसरता कामा नये. ५ फेब्रुवारी १९८१ रोजी निघालेल्या सरकारी हुकुमाने व्यावसायिक खेळाडू आणि क्लब यांचे नाते हे कामगार-मालकाचे नाते म्हणून नियमबद्ध झाले. खेळाडू ही मालमत्ता नसून नोकरदार आहे, एवढी साधी गोष्ट कायद्याने ठरायला विसाव्या शतकाची ऐंशी वर्षे जावी लागली!

त्या हुकुमाला महिनाही लोटला नव्हता. २३ फेब्रुवारीला स्पेनच्या संसदेत सशस्त्र शिपाई घुसले आणि लष्करी उठावाचा प्रयत्न फसला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ मार्चच्या रविवारी, बार्सिलोनाने एर्कुलेस संघाचा ६-० असा फडशा पाडला. त्यांतील दोन गोल कीनीचे होते. त्या संध्याकाळी पिस्तुलाच्या धाकाने त्याला पळविण्यात आले. देश आधीच हादरलेला; साहजिकच लोकांना प्रथम राजकारणाचा वास आला. प्रत्यक्षात अपहरणकर्ते सारागोसाचे तीन बेकार कारागीर निघाले. त्यांनी कीनीला आपल्या शहरातील एका तळघरात कोंडून ठेवले होते. खंडणी एका स्विस बँकेतील खात्यात भरावयाची होती. स्विस अधिकाऱ्यांनी खात्याच्या गुप्ततेचा बाऊ केला नाही, खातेदार सापडला, आणि २५ मार्चला पोलिसांनी कीनीची सुटका केली. त्याच रात्री स्पेनचा संघ वेम्बलीच्या मैदानावर इंग्लंडला २-१ असा हरवीत होता.

मधल्या दिवसांत काय झाले, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सीमांत उत्पादकता हा शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. एक कामगार कमी केला तर उत्पादन कितीने घटते, ते मोजा, असे विद्यार्थ्यांना सांगतो. आणि प्रत्यक्षात ते कोणालाच मोजता येत नाही, हे मनातल्या मनात जाणतो. बार्सिलोनाच्या बाबतीत हा प्रयोग क्रूरपणे घडून आला. सहकारी खेळाडूंची मैदानात उतरण्याची इच्छा नव्हती, तरी सामने ठरल्याप्रमाणे घेतले गेले. विजेतेपदाच्या शर्यतीत असलेला संघ गुण गमावीत गेला आणि हंगामाअखेर पाचव्या क्रमांकावर राहिला. इतके आठवडे बंदिवासात काढूनही त्या वर्षीचा पिचीची कीनीनेच मिळविला, वीस गोल करून. अर्थात हा प्रयोग शुद्ध नव्हे. ज्यांचा मित्र जिवंत आहे की नाही हे ठाऊक नाही, अशी दहा-अकरा माणसे ही केवळ ‘एक कामगार कमी असलेला’ संघ नसते. फळ्यावरच्या सूत्रात भीतीला आणि मैत्रीला अक्षरच नाही, ही सूत्राची उणीव आहे.

आता त्या तिघांविषयी. बेकारी हे गुन्ह्याचे समर्थन होऊ शकत नाही. तसे असते तर निम्म्या स्पेनने पिस्तूल उचलले असते. १९८१ साली तेथे काम करू इच्छिणाऱ्या दर सात जणांमागे सुमारे एक बेकार होता. १९८५ पर्यंत हे प्रमाण पाचांत एकाच्याही वर गेले. १९७३ च्या तेल-दरवाढीनंतर जुने उद्योग खचत होते आणि कीनीच्या आस्तुरियासमधील पोलाद व खाणकामही त्यातून सुटणार नव्हते. अशा देशात वृत्तपत्रे रोज एका माणसाच्या नावापुढे आठ कोटींचा आकडा छापीत होती. वाचणाऱ्याने तो आकडा त्या माणसाची संपत्ती समजला तर आश्चर्य कसले? तो आकडा स्पोर्टिंगला मिळालेल्या रकमेचा होता. पण अपहरण मात्र कीनीचे झाले.

आजच्या भरमसाट रकमा दाखवून कोणी म्हणेल की, खेळाडूंच्या हक्कांची काळजी आता कशाला? २०१७ साली नेमार बार्सिलोनाहून पॅरिसला गेला, तेव्हा २२ कोटी २० लाख युरो मोजले गेले. ती रक्कम भरून करार मोडता आला, तो १९८५ च्या स्पॅनिश हुकुमातील तरतुदीमुळे: खेळाडू मुदतीआधी करार सोडू शकतो, मात्र क्लबला भरपाई द्यावी लागते. रोखून धरण्याचा हक्क गेला आणि त्याच्या जागी सुटकेचा भाव आला. ज्याच्यासाठी कोणी तो भाव भरील त्याला ही व्यवस्था लाभदायक. ज्याच्यासाठी कोणी भरणार नाही, त्या खालच्या श्रेणीतील खेळाडूला तिचा उपयोग फार थोडा. तरीही करार संपल्यावर तो मोकळा असतो, आणि १९७६ साली स्पेनमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तेवढाही मोकळा नव्हता.

सुटकेनंतर कीनी खेळत राहिला. जून १९८१ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाने ३-१ असा विजय मिळविला. कीनीने दोन गोल केले, तेही आपल्याच जुन्या स्पोर्टिंगविरुद्ध. पुढील वर्षी युरोपीय चषक-विजेत्यांच्या स्पर्धेतील अंतिम सामन्यातही त्याचा गोल होता. १९८४ मध्ये तो हिहोनला परतला आणि १९८७ मध्ये निवृत्त झाला. मध्यंतरी १९८२ च्या जानेवारीत खटला चालला. तिघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनी कीनीला पन्नास लाख पेसेता नुकसानभरपाई द्यावी, असा न्यायालयाने निर्णय दिला. आधीच्या दोन आकड्यांपैकी पहिला स्पोर्टिंगचा होता, दुसरा अपहरणकर्त्यांनी मागितलेला. कायद्याने थेट कीनीच्या नावे लिहिलेली रक्कम ही एवढीच. ती त्याने घेतली नाही.