विश्लेषण : ‘व्ही-८’ काढले, ग्राहक रुसले! अमेरिकी पिकअपच्या नव्या रूपावरून वाद का?

अमेरिकेतील ‘रॅम’ या पिकअप ट्रकच्या ब्रँडने २०२५ च्या मॉडेलमधून आपले आठ सिलिंडरचे प्रसिद्ध ‘हेमी’ इंजिन काढून टाकले. ७०२ अश्वशक्तीच्या ‘टीआरएक्स’ या सर्वांत दांडग्या पिकअपची जागा सहा सिलिंडरच्या, ५४० अश्वशक्तीच्या ‘आरएचओ’ने घेतली. नवे इंजिन वजनाला हलके, पेट्रोल कमी पिणारे. नवी गाडी किमतीलाही कमी. तरी ग्राहक बिथरले. वर्ष-दीड वर्षातच कंपनीने चूक झाल्याचे जाहीरपणे मान्य करून हेमी परत आणले आणि त्यापाठोपाठ टीआरएक्सही परतला. अभियंत्यांनी सुधारलेली गाडी ग्राहकांना नको का होती, आणि कंपनीला माघार घेणे इतके सोपे कसे झाले?

हे पिकअप नेमके कशासाठी?

आपल्याकडे पिकअप म्हटले की कांद्याच्या गोण्या किंवा टोमॅटोचे क्रेट भरून बाजार समितीकडे निघालेली बोलेरो डोळ्यांसमोर येते. त्या गाडीच्या एका प्रकाराची अधिकृत भारवाहन क्षमता १.७ टन आहे, आणि इंजिन जेमतेम ७५ अश्वशक्तीचे. टीआरएक्सची ताकद त्याच्या नऊपटींहून अधिक; पण मागच्या हौद्यात आणि आत मिळून ६०० किलोपेक्षाही कमी वजन घेण्याची त्याला परवानगी. म्हणजे नावाला ट्रक असला, तरी माल वाहणे हे त्याचे काम नाही. वाळवंटात, खडबडीत माळरानावर भरधाव पळायचे, उंचवट्यावरून उडी घेतली तरी चाके आणि धक्के पेलणारी यंत्रणा शाबूत राहिली पाहिजे, यासाठी तो बनलेला. प्रत्यक्षात यांतले बहुसंख्य ट्रक ऑफिस, शाळा आणि सुपरमार्केटच्या फेऱ्याच मारतात, ही गोष्ट वेगळी.

हा प्रकार रूढ केला फोर्डने. २०१० च्या मॉडेलपासून ‘एफ-१५०’ या पिकअपची ‘रॅप्टर’ ही आवृत्ती आली आणि दहा वर्षे तिला कारखान्यातून थेट आलेला तोडीस तोड प्रतिस्पर्धी नव्हता. ऑगस्ट २०२० मध्ये रॅमने टीआरएक्स आणला. नावाचा उच्चार मुद्दाम ‘टी-रेक्स’ या डायनासोरच्या जवळ जाणारा. बॉनेट उघडले की आत टी-रेक्स दुसऱ्या एका डायनासोरला, म्हणजे व्हेलोसिरॅप्टरला, खात असल्याचे चित्र! ६.२ लिटरचे सुपरचार्ज्ड व्ही-८ इंजिन, ८८१ न्यूटन मीटर टॉर्क, २.९ टनांच्या घरातले वजन, ३५ इंची टायर. रुंदी ८८ इंच, म्हणजे सव्वादोन मीटर. अमेरिकी नियमांप्रमाणे ८० इंच किंवा त्याहून रुंद वाहनांना रुंदी दाखवणारे जादा दिवे लावावे लागतात. टीआरएक्स आणि रॅप्टरच्या पुढच्या बाजूला दिसणारे ते तीन नारिंगी दिवे त्यासाठीच आहेत. गंमत म्हणजे, पुढे हेच दिवे रुबाबाची खूण ठरले आणि ज्यांना त्यांची गरज नाही अशा गाड्यांवरही लोक हौसेने बसवू लागले.

नव्या रचनेत बदलले काय?

२०२४ मध्ये टीआरएक्सची अखेरची आवृत्ती काढून रॅमने आरएचओ आणला. चौकट, रुंद अंग, लांब पल्ल्याचे सस्पेन्शन बरेचसे तेच. बदलले ते इंजिन. ‘हरिकेन’ नावाचे तीन लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, दोन टर्बो लावलेले इंजिन ५४० अश्वशक्ती आणि ७०६ न्यूटन मीटर टॉर्क देते. अवजड व्ही-८ गेल्याने पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला. ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठण्यात आरएचओ टीआरएक्सच्या मागे पडतो, पण पाच सेकंदांच्या आत गाठतो. किंमत साधारण ७० हजार डॉलरपासून. टीआरएक्स शेवटी शेवटी लाख डॉलरच्या जवळ गेला होता.

गाड्यांची परीक्षणे लिहिणाऱ्या अनेकांना आरएचओ आवडला. पुढचे टोक हलके झाल्याने वळणावर आणि वाळूत गाडी अधिक आज्ञाधारक वाटते, हा मुद्दा त्यांनी आवर्जून मांडला.

साध्या रॅम १५०० मध्ये तर तुलना आणखी एकतर्फी होती. तेथे ५.७ लिटरचे हेमी ३९५ अश्वशक्ती देत होते. त्याऐवजी आलेले हरिकेनचे सौम्य रूपही ४२० अश्वशक्तीचे आणि जादा टॉर्कचे. कागदावर जुन्याची बाजू घ्यायला काहीच उरले नव्हते.

मग नाराजी कशाची?

पहिले उत्तर : आवाजाची. व्ही-८ इंजिनाचा घुमणारा, किंचित अडखळल्यासारखा आवाज हा त्याच्या रचनेतून येतो. आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत असतात. एकूण स्फोट ठरावीक अंतराने होत असले, तरी एकेका रांगेतले स्फोट समान अंतराने होत नाहीत. त्यामुळे त्या रांगेच्या धुराच्या नळीतून कधी दोन ठोके लागोपाठ, तर कधी मध्ये खंड पडून बाहेर येतात. एका ओळीतल्या सहा सिलिंडरचे ठोके मात्र घड्याळासारखे समान. इंजिन म्हणून हे अधिक संतुलित, कमी थरथरणारे. पण जी थरथर अभियंता दोष मानतो, तिचेच पैसे या ग्राहकाने मोजलेले असतात. त्यातच टर्बो बसतो थेट धुराच्या वाटेत. आवाजाचा बराच जोर त्याच्या पंख्यातच जिरतो.

दुसरा आक्षेप प्रतिसादाचा. टीआरएक्सचा सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो, त्यामुळे पाय दाबताच ताकद हजर. टर्बोला धुराचा जोर वाढेपर्यंत क्षणभर थांबावे लागते. आधुनिक टर्बोत हा क्षण फार लहान झाला आहे, पण या वर्गातल्या ग्राहकाला तो जाणवतो. किंवा जाणवतो असे त्याला वाटते.

तिसरे कारण मात्र यंत्रात शोधून सापडणार नाही. ‘हेमी’ हे नाव अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेले आहे आणि वडिलांनी वापरलेल्या गाडीशी ते जोडलेले असते. रॅमने ते पर्याय म्हणूनही ठेवले नाही. मालक आणि चाहत्यांची चीड मुख्यतः यावरच होती. नवे चांगले की वाईट हा प्रश्न नंतरचा. आपली निवडच परस्पर काढून घेतली, ही भावना आधीची.

फोर्डला हे आधी कळले होते?

फोर्ड या वाटेने आठ वर्षे आधी गेली होती. २०१७ च्या रॅप्टरमधून ४११ अश्वशक्तीचे ६.२ लिटरचे व्ही-८ काढून ४५० अश्वशक्तीचे टर्बो व्ही-६ बसवले गेले. तेव्हाही आवाजावरून टीका झाली. तरी व्ही-६ रॅप्टर विकला जात राहिला, कारण गाडी खरोखर अधिक वेगवान आणि हलकी झाली होती. २०२१ मध्ये तिसऱ्या पिढीत फोर्डने मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणले. पाटे वजन पेलायला उत्तम, पण ताकदीने पीळ बसला की ते वाकतात आणि चाक उड्या मारू लागते. कॉइल स्प्रिंगमुळे मागच्या चाकांना १५ इंचांपर्यंत वर-खाली होण्याची मुभा मिळाली. या बदलावर फारसा कुणी आक्षेप घेतला नाही. जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते बदलले तर चालते असा याचा अर्थ काढता येईल.

टीआरएक्सच्या ७०२ अश्वशक्तीला उत्तर म्हणून २०२२ मध्ये फोर्डने ७०० अश्वशक्तीचा ‘रॅप्टर आर’ जाहीर केला. त्यात पुन्हा सुपरचार्ज्ड व्ही-८, किंमत लाख डॉलरच्या वर. व्ही-६ मात्र मुख्य गाडीत कायम राहिले. ज्याला घुमणारा आवाज हवा, त्याने त्याचे वेगळे पैसे मोजावेत, असा हा सरळ हिशेब होता. रॅमने नेमका हाच मधला मार्ग सोडला.

नियमांचा दबाव किती होता?

बराच. टीआरएक्सचा सरकारी चाचणीतला सरासरी ‘ॲव्हरेज’ लिटरला साधारण पाच किलोमीटर. टाकी सव्वाशे लिटरची. पुण्या-मुंबईतल्या शंभरीपार भावाने ती एकदा भरायची तर बारा-तेरा हजार रुपये लागतील. अमेरिकेत पेट्रोल बरेच स्वस्त असल्याने ग्राहकाला त्याची झळ फारशी बसत नाही. ती बसत होती कंपनीला. तेथील ‘कॅफे’ नियमांनुसार कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या इंधन-कार्यक्षमतेची सरासरी काढली जाते आणि ती उद्दिष्टापेक्षा कमी पडली तर २०२५ पर्यंत दंड होत असे. रॅमची मालक कंपनी स्टेलांटिसने २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांच्या गाड्यांसाठी सुमारे २३.५ कोटी डॉलर दंड भरला. मोठ्या इंजिनांवर पोसलेल्या कंपनीसाठी हरिकेन हे या कोंडीतून निघण्याचे साधन होते.

पण जुलै २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कर आणि खर्च विधेयकात हा दंड थेट शून्यावर आणला गेला. नियम कागदावर राहिला, पण तो मोडण्याची किंमत उरली नाही. हेमी परत आणण्याची घोषणा त्याच्या महिनाभर आधीची असली, तरी वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे उद्योगाला तोवर कळून चुकले होते. ‘ग्राहकांनी कंपनीला झुकवले’ ही कहाणी सांगायला गोड आहे. धोरण बदलले नसते तर कंपनी इतक्या सहज झुकली असती का, हा प्रश्न तिच्यात झाकला जातो.

माघार कशी झाली?

डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला स्टेलांटिसचे प्रमुख कार्लोस तावारेस पायउतार झाले. पाठोपाठ, काही महिन्यांपूर्वीच निवृत्त झालेले टिम कुनिस्किस रॅमच्या प्रमुखपदी परतले. ७०७ अश्वशक्तीच्या ‘हेलकॅट’ गाड्यांच्या काळात डॉजचे नेतृत्व करणारे हेच ते गृहस्थ. जून २०२५ मध्ये त्यांनी २०२६ च्या मॉडेलसाठी हेमी जाहीर केले. हेमी असलेल्या गाडीच्या अंगावर ‘निषेधाचे प्रतीक’ म्हणून खास बिल्ला आला. स्वतःच्याच कंपनीच्या निर्णयाचा निषेध कारखान्यातून बसवून मिळण्याचा हा विरळा प्रसंग! पहिल्या २४ तासांत दहा हजारांहून अधिक मागण्या आल्याचे कंपनीने सांगितले.

रॅम पिकअपची अमेरिकेतील विक्री २०२३ मधील सुमारे ४.४५ लाखांवरून २०२४ मध्ये ३.७३ लाखांवर आली होती, आणि ही घट हेमी काढल्याचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केली जाते. ते पूर्ण खरे नाही. त्याच वर्षी रॅमचा स्वस्त ‘क्लासिक’ बंद झाला, किमती चढ्या होत्या आणि नव्या मॉडेलकडे वळतानाचा गोंधळही होता. क्लासिक बंद होताना मिशिगनमधील वॉरनच्या कारखान्यात २,४५० जणांपर्यंत कामगारकपात जाहीर झाली. इंजिनाच्या आवाजावरच्या चर्चेत तिला फार थोडी जागा मिळाली.

रस्त्यावरच्या इतरांचे काय?

व्ही-८ की व्ही-६ या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते : गाडीचा आकार. अमेरिकेत २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक पादचारी रस्त्यावर मेले. २००९ मध्ये ही संख्या ४,१०० च्या आसपास होती. सगळा दोष पिकअपचा नाही. पण विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने सुमारे १८ हजार अपघात तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला, की ज्यांचे बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंत उंच आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के अधिक असते. अशी धडक पायांऐवजी छाती आणि डोक्याला बसते. चालकाला गाडीच्या अगदी पुढ्यात उभे असलेले मूलही दिसत नाही.

आरएचओचे इंजिन आकाराने लहान झाले, पण नाक तेवढेच उंच राहिले. सहा सिलिंडरमुळे बॉनेट खाली आणण्याची संधी होती का, हे नव्या रचनेवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारले. ग्राहकाला ते नको होते आणि नियमात तशी सक्ती नव्हती. पादचाऱ्यांच्या डोक्याला कमी इजा व्हावी यासाठी बॉनेटची चाचणी घेण्याचा प्रस्ताव अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेने मांडला, तोही सप्टेंबर २०२४ मध्ये. युरोपात पादचारी सुरक्षेच्या अशा चाचण्या अनेक वर्षांपासून आहेत.

आता पुढे काय?

जानेवारी २०२६ च्या पहिल्याच दिवशी रॅमने टीआरएक्सच्या पुनरागमनाची घोषणा केली. २०२७ चे मॉडेल म्हणून येणाऱ्या या गाडीत सुपरचार्ज्ड व्ही-८ आहे, आणि ताकद ७७७ अश्वशक्तीपर्यंत नेली आहे. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या मोठ्या पिकअपची योजना गुंडाळली होती.

एखादे नवे इंजिन उभे करून त्याचा खर्च वसूल व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि वॉशिंग्टनमधील सरकार चार वर्षांनी बदलू शकते. दंड ज्या सहजतेने शून्यावर आला, त्याच सहजतेने तो परत लागू शकतो, हे कंपनी जाणून आहे. हेमी आणि टीआरएक्स परतले म्हणून हरिकेनचा कारखाना तिने बंद केलेला नाही. साध्या रॅममध्ये ते इंजिन पर्याय म्हणून कायम आहे.