पुनर्वाचन नव्हे, पुनःस्मरण

ज्या उज्जयिनीत सांदीपनींच्या गुरुकुलाची स्मृती अद्याप जागती आहे आणि जिच्या देवास गेटापाशी शिंदे सरकारच्या अमदानीत माधव कॉलेज नावारूपास आले, त्या नगरीत तरी परीक्षेपूर्वी तोच धडा पुनःपुन्हा वाचण्याची चाल मोडावयास हवी. मानसशास्त्रज्ञ रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली दाखविले की, पाच मिनिटांनी तपासल्यास पुनर्वाचन करणारा सरस ठरतो. परंतु आठवड्यानंतर, उतारा मिटून आठवून लिहिणाराच पुढे जातो. आरंभीचे ते यश शिक्षकालाही चकविते, हेच खरे दुखणे! तेव्हा तासाच्या प्रारंभी, गुणांची धास्ती न घालता, मागील आठवड्याच्या पाठावर तीन प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवून घेण्याची तजवीज येथील गुरुजनांनी येत्या सत्रापासूनच करावी. त्यासाठी शिक्षणखात्याच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही.