उंच पोरं एका रात्रीत वाढत नाहीत

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. शुद्धलेखनावरून नाही (ते पुढच्या वेळी), ऑस्ट्रेलियन फुटबॉलवरून. नाशिकच्या वहिनी हे वाचून हसतील हे मला ठाऊक आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने फुटबॉलवर काय लिहायचं! पण मुलाकडे क्रॅनबर्नला दर वर्षी काही महिने राहून मी हा खेळ शिकले. केसी फील्ड्सचं मैदान तिथून जवळच. नातू ओढून नेतो आणि मी शाल, थर्मास घेऊन निघते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रिकेटच्या मैदानाएवढं लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा गडी. प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यात येतो, अंपायर तो वर उडवतो आणि दोन्हीकडचा एकेक उंच गडी उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलतो. हा जो उंच गडी, तो 'रक'. नुसती उडी मारून त्याचं भागत नाही. मैदानात जिथे जिथे चेंडू अडकेल, सीमेबाहेर जाऊन परत आत फेकला जाईल, तिथे तिथे त्याला धावत जावं लागतं. म्हणजे उंटाची उंची आणि घोड्याचा दम. अशी माणसं दुर्मिळ, आणि ती पिकायला वेळ लागतो. माझं सगळं भांडण या शेवटच्या वाक्याचं आहे.

आमचा संघ मेलबर्न. (मुलाने निवडला, आम्ही मागून गेलो. सासर निवडता येत नाही तसं.) या संघाने १९६४ नंतर थेट २०२१ साली विजेतेपद मिळवलं. सत्तावन्न वर्षं! कर्णधार होता मॅक्स गॉन, २०८ सेंटिमीटर उंचीचा दाढीवाला रक. त्याचा जन्म डिसेंबर १९९१ चा. म्हणजे २०२६ च्या हंगामात तो चौतीस वर्षांचा. याच्यामागे कोण, हा प्रश्न मी घरात विचारला की मुलगा म्हणतो, "आई, रक आयत्या वेळी बाहेरून आणता येतो. अठरा वर्षांच्या पोरावर पहिली निवड कशाला घालवायची? त्यातली निम्मी पुढे निघतच नाहीत."

हे मत एकट्या माझ्या मुलाचं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण क्लबनेही नेमकं तेच केलं आहे, आणि पुन्हा पुन्हा केलं आहे.

२०१८ च्या अखेरीला नॉर्थ मेलबर्नकडून ब्रेडन प्रॉइस आणला. दोन वर्षांनी तो जीडब्ल्यूएसकडे गेला. २०१९ च्या निवडीत मात्र शहाणपण सुचलं आणि तिसऱ्या क्रमांकावर ल्यूक जॅक्सन घेतला. पश्चिम ऑस्ट्रेलियातला, बास्केटबॉल सोडून आलेला मुलगा. त्याने २०२१ चा उगवत्या खेळाडूचा पुरस्कार मिळवला आणि विजेतेपदाच्या सामन्यातही खेळला, तेव्हा त्याला विसावं वर्ष लागायला काही दिवस बाकी होते. आणि २०२२ च्या अखेरीला तो फ्रीमँटलला, म्हणजे आपल्या गावाकडे निघून गेला. मोबदल्यात पहिल्या फेरीतल्या निवडी मिळाल्या, हिशेब कागदावर ठीक दिसला. मग त्याच सुट्टीत कॉलिंगवूडकडून ब्रॉडी ग्रंडी आणला. नावाजलेला, तयार, आयता रक.

न्यायाने बोलायचं तर २०२३ च्या सुरुवातीला गॉनचा गुडघा दुखावला तेव्हा ग्रंडीनेच गाडा ओढला. तेवढे आठवडे खरेदी वसूल झाली म्हणा. पण गॉन परतल्यावर दोघांना एका संघात बसवता येईना. ग्रंडीला पुढे उभं करून पाहिलं, मागेपुढे करून पाहिलं. शेवटी तो खालच्या संघात, आमच्या केसीत आला. अंतिम फेऱ्यांमध्ये मेलबर्न कॉलिंगवूडशी सात गुणांनी आणि कार्ल्टनशी दोन गुणांनी हरलं, आणि हा माणूस त्या दोन्ही सामन्यांत संघाबाहेर. वर्ष संपताच सिडनीला रवाना. पाच-सहा वर्षांत तीन माणसं आली-गेली आणि गॉनच्या मागची जागा होती तशीच रिकामी.

मला हे पाहून आमच्या शिक्षण खात्याची आठवण येते. गणिताचे सर अमुक वर्षी निवृत्त होणार हे सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं. तरी ते गेल्यावर जूनमध्ये धावाधाव, आणि मग तासिका तत्त्वावर कुणीतरी. तो बिचारा वर्गाला ओळखायला लागतो न लागतो तोच मार्च उजाडतो. मी असे सात-आठ जण पाहिले. मुलं त्यांना 'तासवाले सर' म्हणायची. त्या शिक्षकांत काही खोट नव्हती, जशी ग्रंडीतही नव्हती. खोट होती ती जागेचा विचार माणूस गेल्यावर करण्यात.

"पण जॅक्सनला वाढवला आणि तो गेलाच ना?" हा मुलाचा हुकमाचा पत्ता. अरे, म्हणूनच तर म्हणते! माणसं जाणार. कुणाला गावाची ओढ, कुणाला पुढच्या माणसाच्या सावलीत किती थांबायचं हा प्रश्न. जॅक्सन गेला यात क्लबचा दोष मी धरत नाही. तो गेला त्या दिवशी त्याच्यामागे सतरा-अठराचा दुसरा कुणी शिकत नव्हता, हा दोष धरते. एकच रोप लावून ते दगावलं म्हणून बागकाम सोडायचं का? आणि जॅक्सनला घेणारं फ्रीमँटल पाहा. एरन सँडिलँड्स हा २११ सेंटिमीटरचा डोंगर तिथे २०१९ पर्यंत खेळला, पण त्याच्या हाताखाली शॉन डार्सी २०१७ पासूनच मैदानात उतरला होता. घरात एक तयार असताना त्यांनी दुसरा आणला. याला म्हणतात कोठार भरून ठेवणं.

आणि पोरं "निघत नाहीत" म्हणजे काय? किती वर्षांत निघायला हवीत? खुद्द गॉनच घ्या. २००९ च्या निवडीत चौतिसावा. २०११ ला पहिला सामना, २०१२ हे वर्ष गुडघ्यापायी गेलं. देशातल्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव पहिल्यांदा आलं २०१६ साली. सात वर्षं! २०१३ साली कुणी घाईने निकाल लावला असता तर गॉन 'न निघालेला' ठरला असता.

त्याहून जुनं उदाहरण याच क्लबचं आहे. १९८४ साली त्यांनी डब्लिनहून जिम स्टाइन्स नावाचा अठरा वर्षांचा मुलगा आणला. तो गेलिक फुटबॉल खेळणारा, गोल चेंडूचा. हा लंबगोल चेंडू त्याने धड हाताळलाही नव्हता. आधी एकोणीस वर्षांखालच्या संघात, मग प्राहरानला उसना. मुख्य संघात आला १९८७ ला, आणि त्याच वर्षी उपांत्य सामन्यात, शेवटचा भोंगा वाजला तेव्हा चुकून खुणेच्या आडवा धावला. पंधरा मीटरचा दंड झाला, हॉथॉर्नच्या बकेनाराने गोल मारला आणि मेलबर्न दोन गुणांनी हरलं. त्या रात्री त्याला डब्लिनच्या विमानात बसवणारे पुष्कळ निघाले असते. क्लबने ठेवला. १९९१ साली त्याने ब्राउनलो पदक, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, आणि सलग २४४ सामने खेळला. पुढे क्लबचा अध्यक्षही झाला. २०१२ साली गेला बिचारा, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. ज्या क्लबच्या घरात ही गोष्ट आहे त्याने तरी धीर नाही म्हणू नये.

माझं म्हणणं फार मोठं नाही. एक तिशीपुढचा, एक पंचविशीचा आणि एक विशीच्या आतला, एवढे तीन रक कायम यादीत असावेत. चाळीसच्या आसपास खेळाडूंत ही चैन नव्हे. केसीच्या सामन्यात मध्यातल्या उड्या विशीतल्या पोराला द्याव्यात, दुसऱ्या क्लबने सोडलेल्या अनुभवी गड्याला नाही. हे मी काठावर बसून पाहिलेलं दुखणं आहे. पोरगा कोपऱ्यात उभा असतो आणि जाणता माणूस सगळ्या उड्या मारतो. सामना जिंकला जातो, पोरगा काय शिकतो? आणि वर्षातून चार-पाचदा गॉनला विश्रांती देऊन त्या पोराला वर न्यावं. हरेल, पडेल. पडू द्या.

एक आशा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात क्लबने स्टीव्हन किंग यांना प्रशिक्षक नेमलं. ते स्वतः जीलाँगचे रक आणि कर्णधार होते. २०२६ पासून नियमही बदललाय. अंपायर आता चेंडू जमिनीवर आपटत नाही, हवेत फेकतो, आणि रकना मधली रेषा ओलांडून आधीच एकमेकांना रेटता येत नाही. म्हणजे धष्टपुष्ट प्रौढापेक्षा चांगली उडी मारणाऱ्या कोवळ्या पोराला थोडी अधिक संधी. मुलगा म्हणतो, मग तर असे उडी मारणारे कुठेही मिळतील! या माणसाला मीच वाढवलंय, काय बोलणार.

असो. शनिवारी केसीचा सामना आहे. नातवाला सांगून ठेवलंय की चेंडूकडे बघायचं नाही, मध्यात उडी कोण मारतो ते वहीत लिहायचं. चारही डावांचं.