वाढीचे आकडे आणि बटाईदाराचे शेत

आर्थिक वाढीचा दर हाच प्रगतीचा निकष मानला, तर गेल्या दोन दशकांतील यशस्वी राज्यांत बिहारची गणना करावी लागेल. २००५ नंतर अनेक वर्षे तेथील वाढीचा दर राष्ट्रीय सरासरीहून अधिक राहिला. रस्ते आणि पूल झाले, खेड्यापाड्यांत वीज पोहोचली. तथापि बिहारचे दरडोई उत्पन्न आजही देशाच्या सरासरीच्या सुमारे एक तृतीयांशच आहे. राज्य सरकारने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या जातनिहाय पाहणीनुसार ३४ टक्के कुटुंबांचे मासिक उत्पन्न सहा हजार रुपये किंवा त्याहूनही कमी आहे. वाढ वेगवान आणि दारिद्र्य मात्र चिवट, ही विसंगती उलगडायची तर वाढीच्या आकड्यांपलीकडे पाहावे लागते.

बिहारच्या मागासलेपणाची कारणे सांगताना दोन गोष्टींचा उल्लेख हमखास होतो. पहिली म्हणजे १७९३ ची कायमधारा पद्धत. तिने शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये जमीनदारांची उतरंड उभी केली. दुसरी म्हणजे केंद्राचे वाहतूकदर समानीकरणाचे धोरण. कोळसा आणि पोलाद देशात कोठेही एकाच दराने मिळू लागल्यावर खाणींजवळ कारखाना काढण्याचे कारण उरले नाही. १९५० च्या दशकात आलेले हे धोरण १९९० च्या दशकाच्या प्रारंभी संपुष्टात आले. तोवर पश्चिम आणि दक्षिण भारतातील उद्योगांना त्याचा लाभ झाला होता आणि त्या लाभात महाराष्ट्रही वाटेकरी होता. पुढे २००० साली झारखंड वेगळे झाले आणि खाणी व पोलाद कारखाने तिकडे गेले. ही तक्रार खरी आहे; परंतु तिच्या आडोशाला बसून घरातली अपुरी कामे झाकता येणार नाहीत.

जी कामे झाली, त्यांचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा राखून ठेवणारे बिहार हे पहिले राज्य. नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजनाही २००६ सालचीच. सायकल ही वस्तू साधी. परंतु शाळा दूर म्हणून शिक्षण सोडणाऱ्या मुलींसाठी तिने अंतर जिंकले. २००१ साली ३३ टक्के असलेली स्त्री-साक्षरता २०११ साली ५१ टक्क्यांवर गेली. प्रश्न असा, की शिकून बाहेर पडलेल्या या मुलामुलींनी करावयाचे काय?

रस्ते आणि पूल यांवरील सरकारी खर्चातून कामे निघतात. बाहेरगावी गेलेल्यांनी धाडलेल्या पैशांतून बाजारपेठा हलतात. परंतु कारखानदारी अल्प आहे आणि बहुसंख्य लोक आजही शेतीवरच पोट भरतात. म्हणून आधुनिकतेची कसोटी पाटण्याच्या नव्या पुलांवर लागत नाही. ती लागते बटाईदाराच्या शेतात.

बटाईदार म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा. कसतो तो, नाव मात्र मालकाचे. करार तोंडी असल्याने त्याला बँकेचे कर्ज मिळणे कठीण. पुरात पीक गेले, तर भरपाईही बहुधा सातबारासारखा कागद ज्याच्या हाती त्याला मिळते. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे राहील याची शाश्वती नसलेला माणूस बांध घालीत नाही, विहीर खणीत नाही. गावात राहत नसलेल्या मालकालाही पैसा गुंतवण्याची निकड वाटत नाही. मग शेतीतून शिल्लक उरत नाही, तिच्यावर उभे राहणारे प्रक्रियाउद्योगही रुजत नाहीत आणि घरातला तरुण गाडीत बसतो.

हे दुखणे अज्ञात नाही. जमीनदारी नष्ट करणारा कायदा बिहारने १९५० सालीच केला. परंतु कसणाऱ्याचा हक्क त्यातून सिद्ध झाला नाही. विनोबांच्या भूदानात बिहारने सहा लाख एकरांहून अधिक जमीन दिली. तिचा मोठा भाग नापीक किंवा वादग्रस्त निघाला. २००६ साली नेमलेल्या बंदोपाध्याय आयोगाने २००८ मध्ये बटाईदारांना कायद्याचे संरक्षण द्यावे अशी शिफारस केली. तो अहवाल बासनात गेला. भूधारकांचा रोष ओढवून घेण्याची हिंमत सत्तेला झाली नाही.

दर चौरस किलोमीटरला ११०६ माणसे (२०११ ची जनगणना) असलेल्या राज्यात वाटायला जमीन आहे कोठे, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नव्हे. परंतु येथे प्रश्न जमीन वाटण्याचा नसून कसणाऱ्याचे नाव नोंदवण्याचा आहे. पश्चिम बंगालने १९७८ पासून बर्गादारांची नोंदणी करून हे शक्य असल्याचे दाखविले. आपल्याकडेही १९४८ च्या कूळकायद्याने कितीतरी कुटुंबांच्या पायाखाली जमीन आली. त्या कायद्याला पळवाटा होत्या. तरीही ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षणाचा आणि सहकाराचा विस्तार त्याला वगळून समजत नाही.

बिहारच्या प्रश्नाकडे परक्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची सोय महाराष्ट्राला नाही. मुंबई-पुण्याच्या इमारतींवर राबणारे अनेक हात तिकडचे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत हेच मजूर पायी निघाले, तेव्हा आपली शहरे कोणाच्या श्रमांवर उभी आहेत हे सर्वांना दिसले. त्यांच्याविरुद्ध घोषणा देणे सोपे असते; त्यांना गाव का सोडावे लागते हे विचारणे अवघड. स्वेच्छेने केलेले स्थलांतर ही प्रगती होय. नाइलाजाने केलेले स्थलांतर हा धोरणाचा पराभव होय.

बिहारने रस्ता बांधला, त्यावरून मुलगी शाळेत गेली. हे पहिले पाऊल होते. दुसरे पाऊल कसणाऱ्याच्या हाती कागद देण्याचे आहे. ते टाकले नाही, तर तोच रस्ता माणसांना गावाबाहेर नेण्याच्याच कामी येत राहील.