चढ, पल्ला आणि विजेची सायकल

मराठीत प्रवासाविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी एकदाच केलेल्या प्रवासाविषयी. गोडसे भटजींचे १८५७ च्या धामधुमीतले उत्तरेतले प्रवासवृत्त असो की नंतरची असंख्य परदेशवर्णने असोत, नवलाई हाच या लेखनाचा प्राण आहे. रोज त्याच वाटेने जाणे आणि त्याच वाटेने परतणे याला आपण नुसते ‘ये-जा’ म्हणतो. मुंबईच्या लोकलचा अपवाद वगळला तर या ये-जेला वाङ्मयात फारशी जागा मिळालेली नाही. एखाद्या गोष्टीचा दीर्घ अनुभव म्हणजे पहिल्याच अनुभवाची कंटाळवाणी पुनरावृत्ती, असे आपण गृहीत धरले आहे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांबद्दलच्या बोलण्यालाही हेच गृहीतक लागू पडते. लोक बोलतात ते पहिल्या आठवड्याबद्दल: आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलचा खर्च नाही. गेली पाच वर्षे प्रस्तुत लेखक कात्रज ते डेक्कन आणि परत असा सुमारे वीस किलोमीटरचा प्रवास विजेच्या सायकलीने करीत आहे. या काळात हाती आलेले मत असे, की बचत हा या वाहनाचा दुय्यम गुण आहे. त्याचे खरे मोल असे, की अंतर आणि श्रम यांचे तुटलेले नाते ते पुन्हा जोडून देते. आणि ते पहिल्या आठवड्यात कळत नाही.

येथे विजेची स्कूटर अभिप्रेत नाही. पायडल मारले तरच जिची मोटर साहाय्याला येते ती सायकल अभिप्रेत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा हलक्या वाहनाला मोटार वाहन मानलेले नाही. तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती सायकलच आहे.

स्वारगेटहून कात्रजकडे जाणारा सातारा रस्ता हा सलग चढ आहे. पेशवाईत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले ते या उताराच्याच भरवशावर. स्कूटरवरून वर्षानुवर्षे जाणाऱ्याला मात्र हा चढ ठाऊक नसतो; मूठ थोडी अधिक पिळली की तो नाहीसा होतो. साध्या सायकलीवर, दिवसभर वर्गात उभे राहून आल्यानंतर, संध्याकाळी तोच चढ शिक्षा वाटू लागतो. विजेची सायकल चढ नाहीसाही करीत नाही आणि त्याची शिक्षाही करीत नाही. पद्मावतीपाशी मांड्यांना तो जाणवतो, बालाजीनगरपर्यंत श्वासात उतरतो आणि घरी पोहोचताना अंगात पुस्तक उघडण्याइतके बळ शिल्लक असते. चढ ठाऊक असणे आणि तो सोसता येणे या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला लहान वाटत नाही.

जुन्या मराठीत अंतराची भाषा श्रमाची भाषा होती. ‘मजल’ म्हणजे एका दमात कापायची वाट. म्हणूनच ‘मजल दरमजल’ या शब्दप्रयोगात पाऊल ऐकू येते. ‘पल्ला गाठणे’ यातही दमछाक गृहीत आहे. पेट्रोलच्या वाहनांनी हे शब्द अलंकारापुरते उरवले, कारण आपण अंतर मिनिटांत सांगू लागलो. विजेच्या सायकलीने ‘पल्ला’ हा शब्द पुन्हा वाच्यार्थाने वापरात आणला आहे. आज चार्ज किती, वारा कोणत्या बाजूचा, पाठीवर वह्यांचे ओझे किती, यावर पल्ला ठरतो आणि तो किंचित वाढवायचा असेल तर स्वतःचे पाय अधिक चालवावे लागतात. हिशेब दोघांचा असतो.

दीर्घ वापराची दुसरी शिकवण कठोर आहे. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. पहिल्या वर्षी चाळीस किलोमीटर नेणारी बॅटरी चौथ्या वर्षी अठ्ठावीसवर आली. पाचव्या वर्षी ती बदलताना सायकलीच्या मूळ किमतीचा बराच मोठा हिस्सा पुन्हा मोजावा लागला. जाहिरातीतील ‘काही पैशांत प्रवास’ हा हिशेब ही किंमत धरीत नाही. ती प्रामाणिकपणे धरावी. धरल्यावरही पारडे सायकलीकडेच झुकते, पण जाहिरात सांगते तितके नाही.

दोन आक्षेप वारंवार ऐकू येतात. पहिला सायकलप्रेमींचा: ही खोटी सायकल आहे. या शुद्धतावादाला एकच उत्तर आहे. या सायकलीची तुलना तरण्याबांड सायकलस्वाराशी करावयाची नसून, गुडघ्यांच्या आणि चढांच्या धाकाने सायकल कायमची भिंतीला टेकवून ठेवलेल्या माणसाशी करावयाची आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही वीज येते कोठून? महाराष्ट्रातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून होते. तेव्हा आपला धूर आपण विदर्भाकडे ढकलतो, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र प्रमाणही पाहावे. वीस किलोमीटरला या सायकलीला सुमारे पाव युनिट वीज लागते. ती निर्माण करण्यासाठी साधारण तिप्पट उष्णता कोळशातून घ्यावी लागते, म्हणजे एका युनिटाहून कमीच. तेवढ्याच अंतराला स्कूटर जे जवळजवळ अर्धा लिटर पेट्रोल जाळते, त्यात चार युनिटांइतकी ऊर्जा असते. दोष संपत नाही, लहान होतो. लहान दोषाला निर्दोषत्व म्हणू नये, तसेच मोठ्या दोषाच्या पंगतीतही बसवू नये.

खरी अडचण रस्त्याची आहे. कायद्याने जिला सायकल मानले तिला रस्त्याने काहीच मानलेले नाही. याच सातारा रस्त्यावर २००६ साली बीआरटीचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच्यासोबत सायकलमार्गही आखले गेले. आज त्यांचे तुकडे सापडतात. कोठे गाड्या उभ्या, कोठे हातगाडी, कोठे अचानक संपलेला पट्टा. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात सायकल ही गरिबीची पायरी ठरली, ती चढून स्कूटरवर आणि मग मोटारीवर जायचे, असा जणू सर्वमान्य क्रम झाला. विजेच्या सायकलीने हा क्रम मोडण्याची संधी दिली आहे, कारण ती नाइलाज म्हणून घेतली जात नाही, निवडून घेतली जाते. पण निवडीला वाट लागते. अनुदाने आणि घोषणा ‘वाहना’कडे पाहतात, पाय मारणाऱ्या माणसाला लागते ती दीड-दोन मीटर रुंदीची, न तुटणारी, मोकळी कडेची पट्टी.

ती नसेल तर आज पायडल मारणारे उद्या विजेच्या स्कूटरकडे वळतील. धूर कमी होईल, खर्चही कमी होईल आणि सातारा रस्ता पुन्हा एकदा सपाट होऊन जाईल.