रस्त्याची परीक्षा आपणही घेऊ या

दर पावसाळ्यात खड्डे बुजवायचे आणि पुढच्या पावसात तेच खड्डे पुन्हा वर! स्कूटरवर मागे बसणारीला आणि रिक्षातून दवाखान्यात निघालेल्या गरोदर बाईला त्याची खरी किंमत कळते.

डांबर लवचिक, पण पाण्याशी त्याचं हाडवैर. सिमेंट कणखर, पण सुरुवातीला महाग. म्हणून आता दोघांची सांगड घालतात. जुन्या डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा थर देतात, त्याला ‘व्हाइट टॉपिंग’ म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत डांबरी खडीच्या थरात मुद्दाम २५-३० टक्के पोकळ्या ठेवतात आणि त्यात सिमेंटचं पातळ मिश्रण मुरवतात, जिलबीत पाक मुरतो ना, तसं.

चाचण्याही कडक असतात. डांबराचा नमुना ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून दाबतात. काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी फोडून ताकद मोजतात. नमुन्यावरून चाक हजारो वेळा फिरवून चाकोरी किती पडते तेही बघतात.

मला खटकतं ते पुढचंच. नमुना पास झाला म्हणजे रस्ता पास झाला का? खालचा भराव कच्चा आणि कडेचं गटार तुंबलेलं असेल, तर कुठलंच मिश्रण टिकणार नाही. म्हणून तयार रस्त्यातून गोल तुकडा कापून थराची जाडी तपासायला हवी.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. मैत्रिणींनो, ग्रामसभेत विचारा. उत्तर नाही मिळालं, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. तपासणीचा अहवाल मागायला इंजिनीअर असावं लागत नाही!