तारीख गणिताने काढावी

ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथची पद्धत उभी केली, तेव्हा कामाला किती दिवस लागतील आणि कशामागून काय होईल एवढेच माणसाने सांगायचे होते. तारखा गणितातून निघायच्या. आपल्याकडे बांधकामाच्या अनेक शेड्यूलमध्ये हे उलटे झाले आहे. हँडओव्हरची तारीख आधी ठरते, तिथून मागे मोजत प्रत्येक कामाला दिवस वाटले जातात आणि हिशेब बसेना की कामावर सक्तीची तारीख ठोकली जाते. प्रिमाव्हेरा या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मँडेटरी’ कन्स्ट्रेंट, म्हणजे सक्तीचे बंधन, लावला, की आधीचे काम कितीही लांबले तरी ती तारीख हलत नाही. वीटकाम उरलेल्या भिंतीवर शेड्यूलमध्ये प्लास्टर सुरू झालेले दिसते! मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तर हे नकळत घडते. सुरुवातीच्या रकान्यात नुसती तारीख टाइप केली, की ‘याआधी सुरू करू नये’ असे बंधन त्या कामाला चिकटते, आणि मग आधीच्या कामात वाचलेला आठवडा पुढच्या कामाला मिळतच नाही.

करारातली तारीख आणि उशिराचा दंड खरा असतो, मग ती शेड्यूलमध्ये बांधायची नाही तर काय, असे कोणी विचारेल. ती जरूर नोंदवावी, पण प्रोजेक्टमधल्या ‘डेडलाइन’च्या रकान्यात किंवा प्रिमाव्हेराच्या ‘फिनिश ऑन ऑर बिफोर’मध्ये. तिथे ती कामाला ओढून धरत नाही. मुदत हुकणार असेल तर निगेटिव्ह फ्लोट, म्हणजे काम किती दिवस मागे पडते आहे, ते दाखवते. तो आकडा पाहून मालक नाराज होईल, हे खरे. पण सेंट्रिंगचा दुसरा संच आणायला वेळ हाती असतानाच त्याला तो दिसला पाहिजे. काही तारखा बाहेरूनच येतात, जसा रेल्वेचा ब्लॉक किंवा जागेचा ताबा. तिथे बंधन योग्यच. अमेरिकी संरक्षण खात्याची कंत्राटे पाहणारी डीसीएमएसुद्धा कठोर बंधने पूर्ण बंद करत नाही, उरलेल्या कामांपैकी ५ टक्क्यांपर्यंत ती चालवून घेते.

बाकी बऱ्याच सक्तीच्या तारखांमागे खरी अडचण कालावधीची असते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू साधारण १४ दिवस काढता येत नाहीत. काँक्रीटला रविवारची सुट्टी नसते, पण सहा दिवसांच्या कॅलेंडरवर हाच आकडा टाकला की १६ दिवस होतात. वाढलेले दोन दिवस खटकतात, म्हणून कोणी तारीख हाताने मागे ओढतो. खरे तर तिथे सलग दिवसांचा ‘इलॅप्स्ड’ कालावधी हवा होता. पावसाचेही तसेच: जून ते सप्टेंबरचे खोदकाम ऑक्टोबरच्या तारखेला खिळवण्यापेक्षा त्या कामाला पावसाळ्याचे वेगळे कॅलेंडर द्यावे; काम आधी सरकले तर ते मेमध्येही बसेल. पुढचा अपडेट पाठवण्याआधी कन्स्ट्रेंटचा रकाना उघडावा आणि प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावे. जिथे कारण सुचणार नाही, ते बंधन काढून शेड्यूल पुन्हा चालवावे आणि येईल ती तारीख मालकापुढे ठेवावी.